कॅप्टन जेकबचा न सापडलेला ग्रह

शाळेची सहल वरळीच्या नेहरू तारांगणातून परत निघाली होती. बस हाजी अलीच्या सिग्नलला अडकली आणि सातवीतली एक मुलगी सीटवरून मागे वळून म्हणाली, “टीचर, जिथे दोन सूरज असतील तिथे मगरिब कधी होणार? पहला डूबेगा तब, या दूसरा?” मुले खो खो हसली. मीही हसले. घुमटाखालच्या अंधारात निवेदकाने दोन सूर्य असलेल्या ग्रहांचा ओझरता उल्लेख केला होता, तेवढाच तिने नेमका धरून ठेवला होता. “वाचून सांगते,” असे म्हणून मी वेळ मारून नेली.

त्याच रात्री तिचा प्रश्न मी घरच्या ग्रुपवर गंमत म्हणून टाकला. उत्तरादाखल पाच मिनिटांत एक जुना फॉरवर्ड आला. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. व्याध, म्हणजे अरबीत ‘शिअरा’, हा एक तारा नसून दोन तारे आहेत. ते एकमेकांभोवती ४९.९ वर्षांत फिरतात. आणि सूरह नज्ममधल्या आयतींचे क्रमांक ४९ आणि ९ आहेत. खाली लिहिले होते, ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

मुलीचा प्रश्न आणि हा फॉरवर्ड, दोन्ही मनात घेऊन मी वाचायला बसले. मुंबईहून निघून मद्रास, अमेरिका, जपान असा फेरफटका झाला. पण ज्याच्यापाशी पुन्हा पुन्हा यावे लागले तो माणूस पुण्यात सापडला. दोन ताऱ्यांच्या घरात ग्रह आहे, असे मोजमापांच्या आधारे छापून सांगणाऱ्या अगदी पहिल्या लोकांत त्याचे नाव घेतले जाते. त्याचा तो दावा चुकीचा होता. आजची ही गोष्ट त्या चुकीची आहे.

कंपनीचा इंजिनिअर

विल्यम स्टीफन जेकब १८१३ साली इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात, वूलाव्हिंग्टन गावच्या पाद्र्याच्या घरी जन्मला. त्याचा भाऊ जॉन जेकब सिंधमध्ये घोडदळाचा सेनानी झाला. जेकबाबाद हे शहर त्याच्याच नावाचे. विल्यमने ईस्ट इंडिया कंपनीच्या अ‍ॅडिस्कोम्बच्या लष्करी शाळेत शिक्षण घेतले आणि मुंबई इलाख्याच्या इंजिनिअर दलात तो दाखल झाला. काम होते त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे, म्हणजे डोंगरमाथ्यांवर उभे राहून कोन मोजायचे आणि त्यावरून जमिनीचा नकाशा बांधायचा.

या सर्वेक्षणाकडे आपण भाबडेपणाने पाहू नये. ज्याला जमीन मोजता येते त्याला तिच्यावर राज्य करता येते, हे कंपनीला पक्के ठाऊक होते. पण हे सर्वेक्षण एकट्या गोऱ्यांनी केले, असेही नाही. कोन मोजण्याची अवजड यंत्रे बिघडली की ती दुरुस्त करणारा, पुढे ‘गणिती उपकरणांचा कारागीर’ असा अधिकृत हुद्दा मिळवणारा माणूस होता अर्काटचा सय्यद मीर मोहसीन हुसेन. मद्रासच्या एका जवाहिऱ्याच्या दुकानात काम करणारा हा कारागीर थेट एव्हरेस्टच्या हाताखाली पोहोचला. आपल्या मुलांना एव्हरेस्टचे नाव पाठ असते, मोहसीन हुसेनचे नसते. झेंडे आणि पानफुले मिरवण्यापेक्षा हे एक नाव फळ्यावर लिहिणे मला जास्त मोलाचे वाटते.

जेकबला दिवसा जमिनीचे कोन मोजून भागेना. १८४२ साली त्याने पुण्यात स्वतःच्या खर्चाने एक छोटी वेधशाळा उभारली. डॉलंड बनावटीची पाच फुटी दुर्बीण आणि पुण्याचे आकाश, एवढे त्याचे भांडवल. त्या दुर्बिणीने त्याने २४४ जोडताऱ्यांची यादी तयार करून लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला सादर केली. वृश्चिक राशीतला ‘न्यू’ नावाचा तारा तीन ताऱ्यांचा आहे, हे त्याने १८४७ मध्ये नोंदवले. पुढच्या वर्षाच्या शेवटी तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला.

दोन तारे आणि एक संशय

जोडतारा म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे. नुसत्या डोळ्यांना ते एकच दिसतात, दुर्बिणीतून वेगळे होतात. दर वर्षी त्यांच्यातले अंतर आणि कोन मोजत गेले की दुसऱ्या ताऱ्याची वाट कागदावर उमटू लागते. न्यूटनच्या नियमाने ती लंबगोल यायला हवी. ताऱ्यांचा वेग मात्र आपल्या आयुष्याच्या मानाने फार संथ असतो. एका माणसाची नोकरी संपते, ताऱ्याची फेरी संपत नाही. म्हणून या कामात आधीच्या माणसाने लिहून ठेवलेल्या आकड्यांवर विसंबावेच लागते.

जेकबचा तारा होता ‘७० ऑफियुकी’. मराठीत या तारकासमूहाला भुजंगधारी म्हणतात, आणि अरब ज्योतिर्विद त्याला ‘अल-हव्वा’, म्हणजे गारुडी, म्हणत. हा तारा आपल्यापासून साधारण साडेसोळा प्रकाशवर्षांवर, म्हणजे आकाशाच्या हिशेबाने शेजारीच आहे. तो दुहेरी आहे हे विल्यम हर्शेलने १७७९ मध्ये पाहिले होते. दोन्ही तारे आपल्या सूर्यापेक्षा लहान आणि नारिंगी. एक फेरी सुमारे ८८ वर्षांची. म्हणजे जेकबच्या काळापर्यंत जवळपास पूर्ण फेरीची मापे जमा झाली होती.

ती मापे मांडल्यावर गडबड दिसली. तारा हिशेबाप्रमाणे जिथे असायला हवा तिथून किंचित सरकलेला, कधी पुढे, कधी मागे. १८५५ साली सोसायटीच्या मासिक वृत्तांतात जेकबने लिहिले, की यापैकी लहान ताऱ्याभोवती न दिसणारा एखादा ग्रहासारखा पिंड असावा आणि त्याच्या ओढीने तारा डगमगत असावा. त्याने ‘सापडला’ असे म्हटले नाही. फार संभवनीय आहे, एवढेच म्हटले.

ही कल्पना हवेतली नव्हती. १८४४ मध्ये बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने अगदी याच युक्तिवादाने सांगितले होते, की व्याध डगमगत चालतो, त्याअर्थी त्याला न दिसणारा जोडीदार आहे. १८४६ मध्ये नेपच्यूनही युरेनसच्या बिघडलेल्या चालीवरून हिशेब करूनच सापडला. न दिसणारी वस्तू दिसणाऱ्या वस्तूच्या चालीवरून ओळखायची, हा त्या काळचा मोठा मंत्र होता. व्याधाचा जोडीदार ३१ जानेवारी १८६२ रोजी अल्व्हान ग्रॅहम क्लार्कला अमेरिकेत दुर्बिणीतून खरोखर दिसला. बेसेल बरोबर ठरला. त्याच मंत्राने चाललेला जेकब मात्र चुकला. ७० ऑफियुकीजवळ असा ग्रह आजतागायत मिळालेला नाही. जे डगमगणे त्याने पाहिले ते ताऱ्याचे नव्हते, मापांचे होते. पाऊणशे वर्षांत वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या दुर्बिणींतून, डोळ्याने घेतलेली मापे एका ओळीत लावली की अशा बारीक चुका साचतात आणि त्यांचाच एक आकार तयार होतो.

जेकबला हे कळायला वेळ मिळाला नाही. तब्येत ढासळल्यावर १८५९ मध्ये तो इंग्लंडला परतला. पण पुण्याजवळच्या डोंगरावर चांगली वेधशाळा उभारायची हे त्याच्या मनातून जाईना. पार्लमेंटने त्यासाठी एक हजार पौंड मंजूर केले. लेरबूर बनावटीची नऊ इंची दुर्बीण घेऊन तीन वर्षे काम करायचे असे ठरले. ८ ऑगस्ट १८६२ रोजी तो मुंबई बंदरात उतरला. बोरघाटातला रेल्वेमार्ग तेव्हा पुरा झाला नव्हता, तो पुढच्या वर्षी सुरू झाला. ऐन श्रावणी पावसात घाट ओलांडून तो पुण्याला पोहोचला आणि १६ ऑगस्टला तिथेच वारला. वयाची पन्नाशीही गाठलेली नव्हती.

त्याची डोंगरावरची वेधशाळा झाली नाही. पुण्याला मोठी दुर्बीण मिळायला १८८८ साल उजाडले. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली ती वेधशाळा कावसजी दादाभाई नायगमवाला या पारशी प्राध्यापकांनी चालवली. तीही १९१२ मध्ये बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

चुकण्याचे दोन प्रकार

७० ऑफियुकीची गोष्ट जेकबबरोबर संपली नाही. १८९६ मध्ये अमेरिकेतल्या थॉमस जेफरसन जॅक्सन सी या ज्योतिर्विदाने याच ताऱ्याबद्दल नवा दावा केला. तिथे एक काळा पिंड असून तो ३६ वर्षांत फेरी मारतो, असे त्याचे म्हणणे. जेकबचा ‘संभवनीय’ हा शब्द गेला आणि खात्रीचा सूर आला. १८९९ मध्ये फॉरेस्ट रे मोल्टन या तरुण गणितीने दाखवून दिले, की सी म्हणतो तशी तीन पिंडांची व्यवस्था टिकूच शकत नाही. दोन ताऱ्यांच्या ओढाताणीत असा पिंड आपल्या वाटेवर राहणार नाही.

सीने यावर विचार करायचा, तर तो चिडला. संपादकांना रागाची पत्रे लिहिली. शेवटी ज्या नियतकालिकात त्याचा शोध छापला होता त्याचेच दार त्याला जवळपास बंद झाले. त्याच्याजवळ बुद्धी होती, मोजमापाचे कौशल्य होते. हुकली ती एकच गोष्ट, ‘माझे चुकले’ हे दोन शब्द. पुढे १९४३ मध्ये याच ताऱ्याजवळ पुन्हा एकदा ग्रह सापडल्याचे जाहीर झाले, आणि तोही नंतरच्या काटेकोर मोजमापांत टिकला नाही.

एकाच ताऱ्यापाशी तीन वेळा ठेच. पण मोल्टनच्या आक्षेपातून खरा प्रश्न पुढे आला होता. दोन ताऱ्यांच्या घरात तिसऱ्याने, म्हणजे ग्रहाने, कसे राहायचे? त्याची वाट दुसऱ्या ताऱ्याच्या वाटेला कललेली असेल तर काय होईल?

आपला चंद्र आणि पाच अंश

‘कललेली कक्षा’ म्हणजे काय, हे समजायला आपल्यासारखी सोय कुणाकडे नाही. आपण दर महिन्याला चाँद पाहतो. अमावस्येला चंद्र सूर्य आणि पृथ्वीच्या मधल्या बाजूला येतो, तर मग दर अमावस्येला सूर्यग्रहण का होत नाही? कारण चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेला सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. बहुतेक वेळा तो सूर्याच्या जरा वरून किंवा जरा खालून निघून जातो. ताटात सपाट ठेवलेली बांगडी आणि एका बाजूने किंचित उचललेली बांगडी, एवढाच फरक.

आपल्या सूर्यमालेत सगळे ग्रह जवळपास एकाच ताटात आहेत. सर्वांत कललेला बुध, तोही पृथ्वीच्या वाटेला फक्त सात अंशांनी. सूर्य ज्या वायू-धुळीच्या फिरत्या तबकडीतून जन्मला त्याच तबकडीतून ग्रह घडले, म्हणून ही शिस्त. शेकडो वर्षे आपण हीच रीत सगळ्या विश्वाची मानली.

आता समजा, चंद्राची वाट पाच ऐवजी नव्वद अंशांनी उभी केली. बाकी काही बदलले नाही. अंतर तेच, वेग तोच. काय होईल? १९६१ च्या सुमारास मिखाईल लिडॉव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञाने कृत्रिम उपग्रहांच्या कक्षांचा अभ्यास करताना हा हिशेब केला. उत्तर अंगावर काटा आणणारे आहे. चार-पाच वर्षांत चंद्र पृथ्वीवर येऊन आदळेल. सूर्याच्या ओढीने त्याची गोल वाट दर फेरीला थोडी थोडी लांबट होत जाईल आणि शेवटी तिचे जवळचे टोक पृथ्वीलाच टेकेल.

१९६२ मध्ये, म्हणजे जेकबला जाऊन बरोबर शंभर वर्षांनी, योशिहिदे कोझाई या जपानी ज्योतिर्विदाने हाच नियम लघुग्रहांसाठी मांडला. लघुग्रह सूर्याभोवती फिरतो आणि बाहेरून गुरू त्याला ओढत राहतो. कल साधारण ३९ अंशांपेक्षा जास्त असेल तर एक विचित्र देवघेव सुरू होते. कल कमी होतो तसतशी वाट लांबट होते. वाट पुन्हा गोल होऊ लागते तसतसा कल वाढतो. एका खिशातून काढायचे, दुसऱ्यात घालायचे. गंमत अशी, की स्वीडनच्या फॉन झाइपेल यांनी १९१० मध्येच हे बरेचसे लिहून ठेवले होते आणि लोक ते विसरून गेले होते.

कोझाईचा लेख लघुग्रहांबद्दल होता. सूर्यमालेबाहेरचा एकही ग्रह तेव्हा माहीत नव्हता. पण गुरूच्या जागी दुसरा तारा ठेवा आणि लघुग्रहाच्या जागी मोठा ग्रह ठेवा. गणित तेच राहते. जेकबच्या प्रश्नाचा अर्धा भाग असा, त्याचे नाव न घेता, सुटला.

गुराखी, हंस आणि सप्तर्षी

उरलेला अर्धा भाग म्हणजे खरा ग्रह सापडणे. तीही वाट सरळ नव्हती. १९८८ मध्ये कॅनडाच्या कॅम्बेल, वॉकर आणि यांग यांना वृषपर्वा तारकासमूहातल्या ‘गॅमा’ ताऱ्यापाशी ग्रहाची चाहूल लागली. या ताऱ्याचे जुने अरबी नाव ‘अर-राई’, गुराखी. तोही जोडतारा. पण त्यांना स्वतःलाच शंका होती. १९९२ मध्ये तर असे वाटले, की हा ग्रहाचा परिणाम नसून ताऱ्याच्या पृष्ठभागाचीच खळबळ आहे. दावा मागे पडला. त्यानंतर १९९५ मध्ये मेयर आणि क्वेलोझ यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह जाहीर केला आणि पुढे नोबेलही मिळवले. २००३ मध्ये नव्या मापांनी सिद्ध झाले, की गुराख्यापाशी ग्रह खरोखर आहे. तो सुमारे अडीच वर्षांत फेरी मारतो. शंका घेऊन मागे हटलेली माणसे शेवटी बरोबर निघाली. गेल्या काही वर्षांतल्या मापांवरून असेही दिसते, की त्या ग्रहाची वाट आणि जोडीदार ताऱ्याची वाट एका ताटात नाहीत. दोन्हींत मोठा कोन आहे.

१९९६ मध्ये हंस तारकासमूहातल्या ‘१६ सिग्नी’ या जोडताऱ्यापाशी आणखी एक मोठा ग्रह मिळाला. त्याची वाट इतकी लांबट होती की अभ्यासक चक्रावले. दुसऱ्याच वर्षी काहींनी कोझाईचा जुना लेख बाहेर काढला. हा लांबटपणा दुसऱ्या ताऱ्याने, तिरक्या बाजूने ओढून ओढून आणला असावा, असे त्यांनी सुचवले.

सर्वांत बोलका ग्रह सप्तर्षीच्या दिशेला, सुमारे दोनशे प्रकाशवर्षांवर आहे. त्याचे नाव रुक्ष आहे, ‘एचडी ८०६०६ बी’. २००१ मध्ये तो सापडला. वजनाने गुरूच्या सुमारे चौपट. १११ दिवसांत एक फेरी. ही फेरी धूमकेतूसारखी आहे. लांबच्या टोकाला तो आपल्या ताऱ्यापासून जवळपास पृथ्वी-सूर्याइतका दूर असतो. जवळच्या टोकाला त्या अंतराचा तिसावा हिस्साही उरत नाही. त्या जवळच्या टोकाला अवघ्या सहा तासांत त्याचे तापमान जवळपास दुप्पट होताना स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीने टिपले. त्या ताऱ्याचा जोडीदार तारा खूप दूर, पृथ्वी-सूर्य अंतराच्या हजारपटीहून लांब आहे. २००३ मध्ये वू आणि मरे यांनी दाखवले, की हा दूरचा जोडीदार कोझाईच्या नियमाने ग्रहाला अशा वाटेवर आणू शकतो.

तसे असेल तर ग्रहाची वाट ताऱ्याच्या फिरण्याला तिरकी असायला हवी. ते कसे तपासणार? तारा स्वतःभोवती फिरतो, तेव्हा त्याची एक कड आपल्याकडे येत असते आणि दुसरी दूर जात असते. ग्रह समोरून जाताना आधी कोणती कड झाकतो, किती वेळ झाकतो, हे प्रकाशाच्या रंगातल्या बारीक फरकावरून कळते. २००९ मध्ये हा ग्रह ताऱ्यासमोरून जाताना सापडला आणि तपासणी झाली. वाट खरोखरच कललेली निघाली. त्याच वर्षी काही ग्रह तर चक्क ताऱ्याच्या फिरण्याच्या उलट दिशेने जाताना आढळले.

प्रत्येक तिरक्या ग्रहामागे दुसरा ताराच असतो असे नाही. कधी ग्रहाग्रहांचीच धक्काबुक्की होते, कधी जन्माची तबकडीच कललेली असते. ते प्रत्येक ठिकाणी वेगळे तपासावे लागते. पण एक गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याला फार आवडावी अशी आहे. सरळ, सपाट वाटेवरचा ग्रह आपल्या भूतकाळाबद्दल फारसे बोलत नाही. तिरका ग्रह बोलतो. कोणीतरी दुरून, लाखो वर्षे, त्याला ओढत राहिले याची साक्ष तो आपल्या कलातून देतो.

शुकूक

आता त्या फॉरवर्डकडे येते. व्याधाच्या जोडीचा फेरा ४९.९ वर्षांचा आहे असे जुन्या पुस्तकांत भेटते. आजच्या काटेकोर मोजमापात तो पन्नासहून किंचित जास्त, ५०.१ वर्षांच्या आसपास आहे. ज्याने आयतींचे क्रमांक या आकड्याला बांधले त्याने भक्तिभावानेच बांधले असतील. पण मोजमापाचा आकडा हा भाड्याच्या घरासारखा असतो. नवी दुर्बीण आली की तो बदलतो. आपला ईमान त्याला बांधला तर आकडा सरकल्यावर काय करायचे? अल्लाहच्या किताबला आपल्या फॉरवर्डची गरज नाही. फॉरवर्डची गरज आपल्याला आहे, कारण वाचायचे कष्ट त्याने वाचतात.

आपल्या मोठ्या लोकांनी असे केले नव्हते. अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी दहाव्या शतकात स्थिर ताऱ्यांवरचा ग्रंथ लिहिला तेव्हा टॉलेमीची यादी नुसती उतरवून घेतली नाही. ताऱ्यांचे तेज स्वतः पाहून जागोजागी दुरुस्त केले. इब्न अल-हैसम यांनी तर एका ग्रंथाचे नावच ‘अश-शुकूक अला बतलमयूस’, म्हणजे टॉलेमीबद्दलच्या शंका, असे ठेवले. मराग्यात नसीरुद्दीन तूसी आणि समरकंदमध्ये उलुग बेग यांनी वेधशाळा उभारल्या त्या जुने आकडे पुन्हा तपासायला. आज आपण त्यांच्या नावांची माळ जपतो. जे ते करत होते ते, म्हणजे शंका घेणे, मोजणे आणि चुकले तर खोडणे, आपल्या शाळांत किती होते? माझ्या वर्गात चुकीचे उत्तर देणारे मूल अजूनही आधी इकडे-तिकडे पाहते, कोण हसते म्हणून. याला मीही जबाबदार आहे. वर्षानुवर्षे लाल शाईने नुसती फुली मारली, कुठे घसरला ते लिहिले नाही.

जेकबची वही कुणी तशी फुली मारून फेकून दिली असती तर नुकसान झाले असते. त्याचा ग्रह खोटा ठरला, पण प्रश्न खरा होता, आणि आकडे प्रामाणिक होते म्हणूनच पुढच्यांना त्यातली चूक शोधता आली. सीचेही आकडे होते, पण त्याने त्यांच्यावर आपली इज्जत टांगली. एकाच ताऱ्याबद्दल दोघे चुकले, आणि तरी एकाच्या चुकीने पुढची वाट उघडली, दुसऱ्याची चूक त्यालाच घेऊन बुडाली.

पुढच्या आठवड्यात मी त्या मुलीला उत्तर दिले. जिथे ग्रह एकाच ताऱ्याभोवती फिरतो आणि दुसरा तारा दूर असतो, तिथे दुसरा ‘सूरज’ एखाद्या झगझगीत चांदणीसारखा दिसेल. दिवस-रात्र ठरवणारा सूर्य बहुधा जवळचाच. आणि मगरिबचे म्हणशील तर उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यात रात्र नीट पडतच नाही, तिथे उलेमांनी अंदाजाने वेळा ठरवायला सांगितले आहे. २००७ मध्ये शेख मुझफ्फर शुकोर हे मलेशियाचे अंतराळवीर रमजानच्या दिवसांत अवकाश स्थानकावर गेले, तेव्हा त्यांच्या देशातल्या उलेमांनी उड्डाण झाले त्या ठिकाणची वेळ पाळा, असे सुचवले होते.

तिने ऐकून घेतले. मग विचारले, “पर टीचर, आप को पक्का मालूम है?”

मी म्हणाले, “चांदणीसारखा दिसेल हे हिशेबाने माहीत आहे. उरलेले उलेमांचे मत आहे. आणि माझे काही चुकत असेल तर तू मोठी झालीस की दुरुस्त कर.”

तारांगणाची ती जाळीदार इमारत आय. एम. काद्री या वास्तुविशारदांनी घडवली. ३ मार्च १९७७ पासून तिच्या घुमटाखाली मुंबईची मुले मान वर करून बसत आली आहेत. आता जेव्हा त्या रस्त्याने जाते तेव्हा मला पावसात घाट चढणारा तो आजारी इंजिनिअर आठवतो. तो चुकीच्या ग्रहाच्या शोधात होता. पण आकाशाकडे पाहताना वही बरोबर ठेवायची, हे त्याचे बरोबर होते.